रविवारच्या खेळाचे विसरलेले संघ

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या ज्ञातीच्या क्रीडाकार्याचा इतिहास लिहावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली, तेव्हा हे काम फार तर दोन संध्याकाळींचे आहे असे आम्हांस वाटले होते. संस्थेचे वार्षिक अहवाल कपाटात जपून ठेवलेले आहेत. ते चाळावे, सनावळ्या उतरून घ्याव्यात, पदाधिकाऱ्यांची नावे द्यावीत आणि लेख पुरा करावा, असा आमचा बेत होता. परंतु अहवाल उघडताच दिसून आले की, शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवरांची नोंदणी आणि देणगीदारांची नामावली यांस पानेच्या पाने मिळाली आहेत. आणि ज्या फुटबॉल-संघापायी आमच्या पिढीने आपल्या तारुण्यातील रविवार खर्ची घातले, त्याच्या वाट्यास खर्चाच्या बाजूच्या तीन ओळी आल्या आहेत : चेंडू व ब्लॅडर, मैदानाची आखणी, आणि चहा. तेव्हा पुढील मजकूर बहुतांशी आमच्या स्वतःच्या व चार वृद्ध ज्ञातिबांधवांच्या स्मरणावरून लिहिला आहे. त्यास जोड म्हणून ज्या बाहेरच्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्या मात्र सर्वविदित आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ मोरगाव व त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतले. मोरगाव म्हटले की लोकांस मयूरेश्वराचे देऊळ, त्याच्या चार कोपऱ्यांवरील मिनारांसारखे स्तंभ आणि चिंचवडहून येणारी मोरया गोसावींची पालखी आठवते. अष्टविनायकांच्या यात्रेचा आरंभ येथून होतो, हे सांगावयास नको. परंतु यात्रेकरू ज्या रस्त्याने येतो त्याच रस्त्याने आमचा तरुण बाहेर पडत आला आहे, ही गोष्ट तितकीशी लक्षात घेतली जात नाही. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती तालुक्याच्या खालच्या अंगास ऊस उभा राहिला. वरचा मोरगाव-सुप्याचा पट्टा मात्र जिरायतच राहिला. कऱ्हेला पाणी आले तर आले. एरव्ही तिचे पात्र म्हणजे वाळू आणि गोटे. एका पावसाने दगा दिला की घरातील एक माणूस पुण्यास, दुसरा मुंबईस, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९७२ च्या दुष्काळाने तो जगासमोर आणला इतकेच.

गावी असताना आम्हांस खेळ ठाऊक नव्हते असे नव्हे. हुतुतू होता, आट्यापाट्या होत्या, यात्रेच्या कुस्त्या होत्या. परंतु गावाला रविवार नव्हता. गावाचे दिवस चतुर्थीने, बाजाराने आणि पाऊसपाण्याने मोजले जात. ठरावीक वाराला, ठरावीक वेळी, ठरावीक अकरा जणांनी एकत्र जमायचे, ही कल्पनाच शहराची. आणि शहरातील कामकऱ्यालाही ती आयती मिळालेली नाही. मूळचे पुणे जिल्ह्यातील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, अर्ज केले. तेव्हा कोठे १० जून १८९० पासून गिरणीकामगारांस रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळू लागली. मुंबईच्या मैदानांवर पुढे रविवारचे जे शेकडो सामने झाले, त्यांचा पाया लोखंड्यांनी घातला असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही. खेळाच्या इतिहासात त्यांचे नाव आढळत नाही, ही निराळी गोष्ट.

फुटबॉल आपल्याकडे पलटणींबरोबर आला. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ ची आणि मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा. या चषकाचे पहिले विजेते वुस्टरशायर रेजिमेंटचे गोरे शिपाई होते. पुढे कितीतरी वर्षे त्यावर पलटणींचीच नावे कोरली गेली. आपल्या पुण्यात लष्कर आणि खडकी या दोन छावण्या असल्यामुळे हा खेळ पाहावयास तिकीट लागत नसे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेथे आणि त्याच्या आसपास कामास लागलेल्या आपल्या माणसांनी दोरीच्या अलीकडे उभे राहून तो पाहिला आणि चेंडू दोरीच्या अलीकडे आला की लाथेने परत धाडला. आपल्या ज्ञातीचा फुटबॉलशी पहिला संबंध तो हाच. पुढे १९११ मध्ये कलकत्त्यास मोहन बागानच्या खेळाडूंनी, ज्यांतील बहुतेक अनवाणी होते, ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून शील्ड जिंकली; १९२३ मध्ये तोच संघ रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत येऊन डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला; आणि १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स चषक प्रथमच देशी हाती आणला. या वार्ता कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत कशा रंगवून सांगितल्या जात, ते आमच्या वडिलांच्या तोंडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आपल्या देशातील संघ आरंभी जातीजातींचे, पंथापंथांचे होते. मुंबईत पारशी मंडळींनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हिंदूंचा पहिला क्लब, बॉम्बे युनियन, १८६६ मध्ये प्रभू मंडळींनी स्थापिला. त्यानंतर गौड सारस्वतांचा, क्षत्रियांचा, मराठ्यांचा, गुजरात्यांचा, तेलुगू तरुणांचा असे एकेक क्लब उभे राहिले. फुटबॉलच्या बाबतीत गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांची तऱ्हा याहून थोडी निराळी होती. धोबी तलावाच्या बाजूस त्यांच्या ज्या कुडी होत्या, त्या गावागावांच्या. एका गावच्या बोटीवरील खलाशाने व चाकरीवाल्याने मुंबईत आले की आपल्या गावच्या कुडीत पथारी टाकावी, अशी ती सोय होती. एका छपराखाली राहणारी तरणी पोरे सुट्टीच्या दिवशी चेंडू घेऊन बाहेर पडली यात नवल काय ? ज्या नेव्हिल डिसोझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, तो मुंबईच्याच या गोमंतकीय फुटबॉलचा वारसदार. आमच्या लोकांच्या पुण्यामुंबईतील खोल्याही अशाच होत्या : एका खोलीत बारा माणसे, पाळीपाळीने निजणारी, सारी एका पंचक्रोशीतली. मुंबईच्या गिरणगावात अशा खोल्यांतून हुतुतूचे संघ निघाले. खडकीच्या शेजाराने पुण्यात आमचा निघाला तो फुटबॉलचा.

आमचा संघ १९५५ च्या सुमारास उभा राहिला. त्यास घटना नव्हती, नोंदणी नव्हती, शिक्का नव्हता. ज्ञातिसंस्थेची नोंदणी कायद्याप्रमाणे झालेली असल्यामुळे तिची दप्तरे आजही जागेवर आहेत. संघ मात्र संस्थेच्या एका खोलीतील लोखंडी पेटीत मावत असे. त्या पेटीत दोन चेंडू, एक पंप, पंचाची शिट्टी, निळ्या रंगाचे अकरा सदरे आणि सामन्यांची वही एवढा सरंजाम होता. चेंडू त्या वेळी चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर आणि वर बांधावयास चामड्याची वादी. ब्लॅडर फुटला की सायकलच्या दुकानात नेऊन पंक्चर काढावे. पावसात चेंडू पाणी पिऊन इतका जड होई की, डोक्याने मारणाऱ्याच्या कपाळावर वादीची खूण उठे आणि सोमवारी कारखान्यात ती सर्वांस दिसे. सामन्यानंतर चेंडू पुसून, सावलीत वाळवून त्यास एरंडेल चोळण्याचे काम संघातील सर्वांत लहान खेळाडूकडे असे. आम्ही ते दोन वर्षे केले आहे.

बूट सर्वांकडे नसत. ज्यांच्याकडे होते त्यांतील कित्येकांस ते घालून पळता येत नसे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या राष्ट्रीय संघातील बहुसंख्य खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून केवळ २-१ असे हरले, ही हकीकत आमच्यात बूट न घेण्याचे समर्थन म्हणून फार वापरली जाई. पुढील दोन्ही हाफ-बॅक घोट्यात दुखावले तेव्हा ती कमी वापरली जाऊ लागली !

रविवारच्या सामन्यांना आम्ही लीग म्हणत असू. वास्तविक ती आठ-दहा संघांनी आपसात ठरविलेली फेरी होती. मुंबईच्या हारवूड लीगसारखी तिला घटना नव्हती. कोणी पेठेचा संघ, कोणी कारखान्यातील एखाद्या खात्याचा, कोणी आमच्यासारखा ज्ञातीचा. मैदान ज्याच्या ओळखीने मिळेल त्याचे. पंच प्रतिपक्षातील एखादा वडीलधारा माणूस, आणि त्याचा निर्णय पटो न पटो, शिरसावंद्य. साइड मात्र बहुतेक पंचांस शेवटपर्यंत नीट समजली नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे. निकाल वहीत उतरले जात व दोन्ही कप्तान त्याखाली सही करीत.

माघी चतुर्थीस संघातील बहुतेक जण गावी असत. तेव्हा कऱ्हेच्या कोरड्या पात्रात बांबू रोवून आम्ही दोन बाजू पाडून खेळत असू. वाळूत चेंडू उसळत नसे, गोट्यावर लागला तर भलतीकडेच जाई. परंतु काठावर यात्रेकरूंची जी गर्दी जमे, तिच्यासारखे प्रेक्षक आम्हांस पुण्यात कधी लाभले नाहीत. गावातील म्हाताऱ्यांस या खेळातील एकच गोष्ट खटके : हात असताना ते वापरावयाचे नाहीत, हा कसला नियम ? तरीही पंगत उठल्यावर तेच अगोदर नदीकडे निघत.

सामन्यांची वही आज नाही, याचे कारण पुणेकरांस सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांतून शिरले. आमची पेटी त्या वेळी नदीजवळच्या पेठेत एका सभासदाच्या तळमजल्यावरील खोलीत होती. माणसे वाचली, पेटी गेली. पुरानंतर जिथे घरेच उभारावयाची होती, तेथे फुटबॉलची वही गेल्याचे दुःख कोण करणार ? तरी पुढच्या मोसमात वर्गणी काढून नवा चेंडू आणला आणि संघ पुन्हा मैदानात उतरला. नवी वही मात्र कोणी घातली नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगू की नये, याविषयी आमच्या मनात पुष्कळ काळ द्वंद्व होते. संपादक मंडळाने ती छापण्याचे औदार्य दाखविले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

पुरानंतरच्या मोसमात आमचा गोलरक्षक नोकरीनिमित्त परगावी गेला. त्याच्या जागी कारखान्यातीलच एक तरुण आला. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता. ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले गेले त्यांपैकी तो होता. त्याच्यासारखा गोलरक्षक आम्ही त्या फेरीत दुसरा पाहिला नाही. अंगाने किरकोळ, परंतु चेंडू कोठे येणार हे त्यास अगोदर कळत असे. तो खेळला ती दोन वर्षे आमचा संघ वरच्या दोघांत राहिला. मैदानावर कोणी त्याच्याशी भेद केला नाही, हे आम्ही शपथेवर सांगू. सामना संपला, चहाची किटली आली, की पितळी पेले अकरा असत आणि त्यास मात्र दुकानातील काचेचा ग्लास वेगळा दिला जाई. तो कोणी दिला, कोणाच्या सांगण्यावरून दिला, याची चर्चा कधीच झाली नाही. ती रीत होती, म्हणून ती पाळली गेली. दुसऱ्या वर्षाअखेर संस्थेच्या वार्षिक संमेलनात संघाचा सत्कार ठरला. संमेलनाचे भोजन ज्ञातिबांधवांपुरते आहे, असे चिटणीसांच्या वतीने आमच्याकडून त्यास कळविण्यात आले. आमच्याकडून, म्हणजे प्रत्यक्ष आम्हीच ते सांगितले. तो हसून बरे म्हणाला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यापुढच्याही आला नाही. त्याच्या खात्याच्या संघातून तो खेळू लागला, आणि आमच्याविरुद्धच्या सामन्यात त्याने आमचा एकही गोल होऊ दिला नाही.

हीच गोष्ट याच पुण्यात पूर्वी घडून गेली होती, हे आम्हांस पुष्कळ उशिरा वाचनातून समजले. पाळवणकर बाळू हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गोलंदाज गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची व्यवस्था पाहता पाहता तयार झाले. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांस आपल्या संघात घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येईना. परंतु चहाच्या वेळी त्यांस तंबूबाहेर मातीच्या भांड्यातून चहा देण्यात येई. त्याच बाळूंनी १९०६ मध्ये युरोपीय संघाविरुद्ध हिंदूंस विजय मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला आणि १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कप्तानपद त्यांस अखेरपर्यंत मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस ते १९२३ मध्ये मिळाले. मातीच्या भांड्यापासून आमच्या काचेच्या ग्लासापर्यंत यावयास साठ वर्षांहून अधिक काळ लागला, आणि मध्यंतरी देश स्वतंत्र होऊन अस्पृश्यता घटनेने नष्ट केली होती.

तो गेल्यानंतर आमचा संघ चार-पाच मोसम टिकला. तो त्याच्या जाण्यामुळेच मोडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मैदानावर बांधकाम आले. लग्ने झाली, मुले झाली, पाळ्या बदलल्या. कित्येक कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी अन्य वारी येऊ लागली, तेव्हा अकरा जण एका दिवशी मोकळे सापडेनात. ज्या फेरीत आम्ही खेळत होतो तीतील एकेक संघ गळत गेला आणि एका वर्षी सामने ठरविण्यासाठी कोणीच कोणास बोलाविले नाही. ती बंद झाली असे कोणी जाहीर केले नाही. त्यामुळे तिची अखेरची तारीखही नाही.

मोठ्यांचीही गत फारशी वेगळी झाली नाही. मुंबईत कचेऱ्यांचे व गिरण्यांचे संघ एके काळी फुटबॉलचा कणा होते. कॅलटेक्सने १९५८ मध्ये रोव्हर्स चषक जिंकला होता. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स ही नावे आमच्या पिढीस तोंडपाठ होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावच उरले नाही. खुद्द रोव्हर्स स्पर्धा २०००-०१ नंतर भरली नाही. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड संघ मालकांनी २०१० मध्ये विसर्जित केला. पुण्यात २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफ्‌. सी. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि काही वर्षांतच त्याचा व्यावसायिक संघ मोडला. २०१४ चा एफ्‌. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये आटोपला. ज्यांच्यापाशी पैसा, प्रशिक्षक व परदेशी खेळाडू होते, ते आमच्या पितळी पेल्यांच्या संघाहून अधिक काळ टिकले असे दिसत नाही.

याउलट कोल्हापूर पाहा. तेथील कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ तालमींचे आहेत. तालीम पेठेची, आणि पेठ कोठे जात नाही. बाप ज्या तालमीकडून खेळला तिच्याकडून मुलगा खेळतो. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना आजही हजारो लोक लोटतात, आणि कधीकधी डोकीही फुटतात. आमचे संघ नोकरीच्या गावी, भाड्याच्या खोलीत जन्मले. त्यांस जमीन नव्हती. आम्हांस जमीन होती ती मोरगावास, आणि तेथे फुटबॉल वर्षातून एकदा माघातच खेळला जाई.

मुंबईच्या पारशी मंडळींकडे या बाबतीत आम्ही हेव्याने पाहतो. शापुरजी सोराबजी या गृहस्थांनी १८९७ मध्येच आपल्या ज्ञातीच्या क्रिकेटचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला. मैदानावर गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी खेळपट्ट्या उखडल्या, त्याविरुद्ध देशी खेळाडूंनी अर्ज केले, हे सारे त्यात आले. म्हणून ते आज आपणांस ठाऊक आहे.

आमच्यापाशी लेखी पुरावा म्हणून एकच वस्तू आहे. संस्थेच्या सभागृहात, खिडकीशेजारी, संघाचे एक छायाचित्र टांगलेले आहे. ते दुसऱ्या वर्षाअखेरच्या सत्काराच्या वेळचे. त्यात खुर्च्यांवर पदाधिकारी बसले आहेत, मागे निळे सदरे घातलेले दहा खेळाडू उभे आहेत आणि खाली सर्वांची नावे सुवाच्य अक्षरात लिहिलेली आहेत. अकरावा त्यात नाही. त्याचे नाव आम्हांस पक्के आठवते, परंतु ते त्याच्या कुटुंबीयांस विचारल्यावाचून छापणे योग्य नव्हे. खडकीच्या त्या पिढीतील कोणास त्यांचा ठावठिकाणा माहीत असल्यास संस्थेच्या कार्यालयात कळवावे. त्याचप्रमाणे १९५५ ते १९७० या काळातील रविवारच्या सामन्यांची छायाचित्रे, पत्रे, वर्गणीच्या पावत्या ज्यांच्या घरी असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता पाहावयास द्याव्यात. आम्ही प्रती काढून घेऊन मूळ कागद परत करू.